पडद्यावरची गल्ली

ताईच्या मुलाला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी तिच्या पोटात पाणी धरायला लागलं. मुलींचं कौतुक करायला आलेली माणसं जाताना हळूच विचारायची, हिला काय झालंय, आणि ताई आतूनच मोठ्याने सांगायची, "घरात दोघी पोटुशा होत्या. सुनेची सुटका झाली, माझी अजून अडकलीये." सगळे हसायचे. धाकटी बहीणही हसायची. मग पाणी वाढलं आणि ताई इस्पितळात गेली, आणि तिला भेटायला म्हणून धाकटी वॉर्डच्या दारात पोचली. पायपुसण्यावर चपला घासून तिने मान वर केली, तेव्हा ताई दिसायच्या आधी तिला पडदा दिसला.

लांबलचक खोली होती. खाटांच्या रांगा. मधे या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणलेली आणि तारेवर पडदा. पडद्याला चुण्या नव्हत्या. कापड वाचवायला तो वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट ताणला होता. त्याच्यावर पालवी होती. धाकटीने ती चटकन ओळखली नाही, कारण मूळ पालवी विटकरी होती, साईच्या रंगाच्या कापडावर, आणि ही इस्पितळी हिरवी होती, औषधाच्या बाटलीसारखी. पण फांदीचं ते डाव्या कोपऱ्यातून वर येणं, आणि मधेच आठवण झाल्यासारखं मागे वळून बघणं, ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ते तिच्या हाताखालून निघालेलं होतं. आणि त्या पालवीच्या मधून, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, एक पांढरी तिरपी गल्ली गेली होती.

धाकटी म्हणजे ताईच्या पाठची. साठी ओलांडलेली, बिनलग्नाची. कापड छपाईच्या कारखान्यात, नक्षीघरात, टेबलावर वाकून तिचं आयुष्य गेलं. लहानपणापासून ठिपका ठिपका करत बसायची म्हणून ताई तिला मुंगी म्हणायची. गल्ली हा शब्द त्या नक्षीघरातला. कापडावरची नक्षी काढतात ती एका चौकोनात. मग तोच चौकोन स्वतःलाच शेजारी आणि खाली जोडत जायचा, की कापडाचा अख्खा तागा भरतो. चौकोनात सगळं छान दिसतं. पण शंभर चौकोन शेजारी लागले की कधीकधी त्यांच्यातल्या मोकळ्या जागा एकमेकींना हाका मारतात, ओळीने उभ्या राहतात, आणि भरल्या कापडातून रिकामी रेघ पळत सुटते. तीच गल्ली. नवशिक्याची चूक. ती जवळून दिसत नाही. म्हणून नक्षीघराचे रंगमास्तर प्रत्येकाला चौकोनाच्या नकला भिंतीवर टाचायला लावायचे, आणि दारापर्यंत मागे जाऊन डोळे अर्धे मिटून बघायला लावायचे. "जवळून सगळ्यांचीच पोरं गोरी दिसतात," ते म्हणायचे. "दाराशी जा."

आणि आता ती दाराशीच उभी होती. तिने डोळे अर्धे मिटले. गल्ली आणखी ठळक झाली. तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. पाय कापतील, घाम फुटेल. काही झालं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग गालाला हात लावला तर गाल शेजाऱ्याचा वाटतो, तसं ती स्वतःला चाचपत उभी राहिली. मागून एक जण म्हणाला, "बाई, आत तरी व्हा नाहीतर बाहेर तरी." ती आत झाली.

"ये गं मुंगे!" ताईची खाट पडद्याला लागूनच होती. तोंड सुकून एवढंसं झालेलं, हात काटक्या, आणि मधे पोटाचा डोंगर. "ओळखलंस का? मी आल्या आल्या ओळखलं. यांना म्हटलं, बघा, देवाने तिचं काम आणून माझ्या उशाशी टांगलं." मग ती शेजारच्या खाटेकडे वळली. तिथे पोस्टातून निवृत्त झालेली एक बाई पाय वर टांगून पडली होती. "अहो पोस्टवाल्या बाई, ही बघा, आली ती."

"हाच का तो हात?" पोस्टातली बाई म्हणाली. "बघू." धाकटीने हात पुढे केला. पत्त्यावरचं अक्षर लागत नसावं तसा बाईने तो उलटसुलट करून पाहिला. "साधाच तर आहे."

"मग काय सोन्याचा असतो?" ताई म्हणाली. "ऐका तर खरं."

आणि ताई सांगायला लागली. धाकटी स्टुलावर बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. हातभर अंतरावरून गल्ली दिसत नव्हती. नुसती पानं होती. ताई जे सांगत होती ते तिने इतक्यांदा ऐकलं होतं, आणि स्वतः इतक्यांदा सांगितलं होतं, की त्यातलं काय घडलं होतं आणि काय सांगून सांगून घडलं होतं हे तिला निवडता यायचं नाही. ती सकाळ खरी होती. त्याबद्दल शंका नव्हती. आई गेल्यानंतरचं ते वर्ष. नक्षीघरात नवा साहेब आला होता आणि त्याला नव्या नक्ष्या हव्या होत्या, आणि धाकटीच्या हातून जे निघत होतं त्याकडे बघून रंगमास्तर म्हणायचे, "तुझी फुलं अंघोळ करून, भांग पाडून आल्यासारखी दिसतात. झोपेतून उठल्यासारखी दिसली पाहिजेत." महिना अखेरीला तिला काढणार हे सगळ्यांना माहीत होतं. चहावाला सुद्धा तिच्याकडे दयेने बघून कप काठोकाठ भरायचा.

घरात वडिलांची शिस्त होती. वडील कुलपं दुरुस्त करायचे. कुणाचं कुलूप आलं की ते तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "हात दिलास, काम दिलंस, आता जवळ बस." मग कानस उचलायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबायचं. किल्ली मी घासतो, उघडणारा तो आहे, असं ते म्हणायचे, आणि एखादं कुलूप नाहीच उघडलं तर म्हणायचे, आज त्याची इच्छा नाही, उद्या या. दोघी बहिणी ते बोल तोंडात घेऊनच मोठ्या झाल्या. ताई शिवणाच्या मशीनवर बसताना म्हणायची, धाकटी ब्रश उचलताना म्हणायची. त्या वर्षी धाकटी कारखान्यात जाण्याआधी रोज प्रार्थनागृहात जाऊन बसायची. लाकडी बाक, थंड फरशी, आणि उघड्या दारातून येणारा झाडूचा आवाज. ती मागायची. नोकरी राहू दे, हात चालू दे, आई परत येणार नाही हे मला कळू दे. एका सकाळी ती मागत होती आणि मधेच मागणं संपलं. तहान संपावी तसं नाही. भांडं रितं व्हावं तसं. ती रिकामी बसून राहिली. मग उठून कारखान्यात गेली.

टेबलाशी बसली तेव्हा तिच्या आत कुणीतरी उठून उभं राहिलं. यापेक्षा नेमकं तिला कधी सांगता आलं नाही. आपण बसलेले असतो आणि आपल्याच अंगात दुसरं माणूस सावकाश उभं राहतं, आणि आपल्याला त्याला जागा द्यावी लागते. हात तिचा होता, पण तो काय करणार हे तिला त्याच्याबरोबरच कळत होतं, आधी नाही. फांदी कोपऱ्यातून निघाली, वर गेली, मागे वळली. पानं फुटत गेली. गोंदाचा वास, खिडकीवरच्या जाळीची सावली, शेजारच्या टेबलावर खोकणारा माणूस, सगळं अतिशय जवळ होतं आणि सगळं ठीक होतं. कुणी बोललं नाही, उजेड बिजेड पडला नाही. फक्त इतकी खात्री, जशी अंधारात पायरीवर पाय पडल्यावर वाटते. एकदाही खोडावं लागलं नाही. रंगमास्तर आले आणि मागे उभे राहिले. ते देव मानत नसत. प्रार्थनेच्या वेळी मुद्दाम विडी ओढायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे भिंतीवर लावू नकोस," ते म्हणाले. "असंच्या असं खाली पाठव." आयुष्यभर जगाला दाराशी पाठवणारा माणूस त्या दिवशी तिला म्हणाला, जाऊ नकोस. आणि तिच्याही मनात आलं नाही. कुणी ओंजळीत पाणी घातलं तर ते गाळून घेण्यासारखं ते झालं असतं.

पालवी विकली गेली. चादरी झाल्या, अभ्रे झाले, पडदे झाले. धाकटीची नोकरी राहिली. तिने फक्त ताईला सांगितलं होतं आणि ताईने प्रार्थनागृहात सगळ्यांना सांगितलं. एका रविवारी तिथल्या वडीलधाऱ्यांनी धाकटीला उभं केलं आणि म्हणाले, तुझ्या तोंडून ऐकू दे. तिने सांगितलं. लोक रडले. मग नवीन कुणी आलं की तिला उभं करायचे. ताईच्या सांगण्यात एक वाढ झाली होती: ब्रश रंगात बुडवावाच लागला नाही. धाकटीला ते आठवत नव्हतं, पण लोक तिथेच श्वास रोखायचे, म्हणून तीही ते सांगू लागली, आणि काही वर्षांनी तिला ते आठवूही लागलं. कोरडा न पडणारा ब्रश तिला स्पष्ट दिसायचा. आतलं उभं राहिलेलं माणूस मात्र दिसेनासं झालं. त्यानंतर तिने शेकडो नक्ष्या काढल्या. प्रत्येकीच्या आधी ती ते बोल म्हणायची आणि कान लावून बसायची, आता येईल. पाहुणा येणार म्हणून दार उघडं टाकून बसलेल्या माणसाला घरातलं काम सुचत नाही, तसं तिचं झालं. हात नीट चालायचा. नक्ष्या चांगल्या व्हायच्या, खपायच्या. प्रत्येक नक्षी भिंतीवर टाचून ती दाराशी जायची आणि कुठेही गल्ली नसायची. हळूहळू ती वाट बघणंही विसरली, म्हणजे वाट बघायची सवय राहिली आणि वाट बघणारी निघून गेली. निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ती अजून बोल म्हणायची. चहाचं आधण ठेवतानाही म्हणायची.

"...आणि ब्रश, बाई गं, एकदासुद्धा बुडवावा लागला नाही," ताई सांगत होती. पोस्टातल्या बाईने श्वास रोखला.

त्यानंतर धाकटी रोज जायची, आणि रोज दारात क्षणभर उभी राहायची. गल्ली तिथेच असायची. तिने एकदा स्वतःशी हिशोब मांडायचा प्रयत्न केला, अगदी सरळ, बाजारात उभं राहून मांडावा तसा. ते काम देवाचं असेल, तर देवाला जोड जुळवता येत नाही. आणि ते तिचं एकटीचं असेल, तर ती सकाळ म्हणजे एका उपाशी, झोप न झालेल्या बाईचं डोकं हलकं होणं. दोन्ही वाक्यं तिने मनात म्हणून पाहिली. कुठलंही टोचलं नाही. भीती वाटली ती फक्त ताईची. ताईने आपली सगळी श्रद्धा त्या एका सकाळवर ठेवली होती. भाच्याला लहानपणी मेंदूत ताप गेला होता तेव्हा ती बर्फाची पिशवी धरून म्हणत होती, ज्याने मुंगीचा हात धरला तो माझ्या पोराचा धरेल. आणि आता डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले होते तरी ती पोट धरून हसत होती, ते त्याच जोरावर. ताईला गल्ली दिसू नये. एवढंच. ताई हयातभर शिवणकाम करत आली होती. कापडाकडे बघायची तिची नजर इस्पितळात येऊन मेली नव्हती. बरं हे की ती पडद्याला खेटून पडली होती, आणि तिथून नुसती पानं दिसत होती.

मग एका सकाळी नर्स म्हणाली, "उद्या आजींना दाराजवळच्या खाटेवर घेतोय. तिथे ऑक्सिजनची नळी आहे."

धाकटी भावोजींना बाहेरच्या बाकावर गाठायला गेली. ताईच्या नवऱ्याने जन्मभर ट्रक चालवला होता. तो बसला तरी हात स्टिअरिंगवर असल्यासारखे गुडघ्यांवर ठेवून बसायचा.

"या मेव्हणीबाई. तुमची बहीण इथे पुढारी झालीये. सकाळी डॉक्टरला डोळे मिटायला लावले तिने. म्हणे, सुई टोचायच्या आधी दोन शब्द बोला."

"भावोजी, तिची खाट हलवू नका म्हणावं."

"का?"

"दाराशी माणसांची ये-जा असते. झोप मोडेल."

"तिला माणसं दिसली की झोप लागते. चाळीस वर्षं बघतोय. घरात कुणी नसलं की रात्रभर टक्क जागी."

"तिथे वारा लागेल."

"अहो, ऑक्सिजन लावणार आहेत, म्हणजे वारा विकतच घेतोय आपण." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "काय झालंय?"

तिला सांगता आलं नाही. एका पडद्यावर एक पांढरी रेघ आहे, असं ट्रक चालवणाऱ्या, बायको मरायला टेकलेल्या माणसाला कसं सांगायचं? "काही नाही," ती म्हणाली. भावोजी परत समोर बघायला लागला, रस्ता असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली. ताईला तपासायला आत नेलं होतं, खाट रिकामी होती. धाकटीने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि पडद्याच्या कड्या एकीकडे लोटायला लागली. चुण्या पडल्या की गल्ली मोडेल. गल्ली चुणीत लपते, म्हणून तर इतकी वर्षं कुणाला दिसली नव्हती. घराघरांत पडदे चुण्यांचे असतात, आणि चादरीवर लोक झोपतात, चादर कोण बघतो. कड्या गंजलेल्या होत्या. तिने जोर लावला, आणि एकदम दहाबारा कड्या सरकल्या आणि पडद्यापलीकडे एक म्हातारी भांड्यावर बसलेली दिसली.

"अगं आई!" म्हातारी ओरडली.

"मावशी! काय करताय?" नर्स धावत आली. "उतरा खाली. पडलात तर तुम्हालाही खाट द्यायला लागेल, आणि खाट नाहीये."

"चुण्या करत होते जरा."

"चुण्या?" नर्सने पडदा परत ताणला, शेवटच्या कडीपर्यंत. "हे काय लग्नाचं घर आहे?"

तेवढ्यात ताईला चाकाच्या खाटेवरून आणलं. सरळ दाराजवळ. नळी लावली, उशी दिली, डोक्याकडची बाजू उंच केली. धाकटी स्टूल हातात धरून मधेच उभी होती. ताईने दम खाल्ला. मग समोर बघितलं. धाकटीला तिचे डोळे पडद्यावर फिरताना दिसले, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, कापड विकत घेताना फिरायचे तसे. मग ते एका जागी थांबले आणि तिरपे उतरत गेले.

"माझा चष्मा दे," ताई म्हणाली.

धाकटीने चष्मा दिला. न देऊन काय करणार होती?

ताई बराच वेळ बघत राहिली. नळीतून फुसफुस आवाज येत होता. "मुंगे," ती म्हणाली, "अजून आहे गं ती. मला वाटलं होतं, नंतर कुणी मिटवली असेल."

"काय?"

"ती काय. गल्ली. तुम्ही गल्लीच म्हणायचा ना?"

धाकटी स्टुलावर बसली. "तुला माहीत होतं?"

"अगं, पहिल्याच वर्षी तू मला तागा दिला होतास ना, खिडक्यांना पडदे शीव म्हणून? पूर्ण रुंदीचे दोन पन्हे जोडले, जमिनीवर अंथरले, तर ही बया आडवी पडलेली, पाय पसरून. मग एक पन्हा वीतभर खाली सरकवला तेव्हा मोडली. तेवढं कापड वाया गेलं. हे किती बोलले मला."

"आणि मला बोलली नाहीस."

"काय बोलायचं?"

"सगळ्यांना सांगत सुटलीस. मला उभं केलंस लोकांपुढे. चाळीस वर्षं." धाकटीचा आवाज चढला नाही. तिला वाटलं चढावा. "ब्रश बुडवावा लागला नाही, हे कुठून आणलंस?"

ताईला हसू आलं, आणि हसू खोकल्यात गेलं. पोट धरून ती थांबली. "ते मी घातलं. त्या ठिकाणी लोकांना झोप यायची."

"ताई!"

"मग काय. तुला गोष्ट सांगता येते कुठे? फांदी आली, पानं आली, आणि मग मी घरी गेले."

आपल्या खाटेवरून पोस्टातली बाई म्हणाली, "म्हणजे बुडवावा लागला होता का हो?"

"तुला त्या दिवसाचं नक्षीचं आठवतं," ताई हळू म्हणाली. एका श्वासात तिला एकच वाक्य येत होतं. "मला संध्याकाळचं आठवतं. आई गेल्यापासून तू भिंतीकडे तोंड करून जेवायचीस. त्या दिवशी आलीस आणि सगळ्यांच्या मधे बसलीस. माझ्या ताटातलं उचलून खाल्लंस. मी यांना म्हटलं, कुणीतरी हात लावला हिला. एवढंच बघितलं मी. बाकी तुझा कागद मला कुठे कळत होता."

"मग ही चूक कुणाची?"

"तुझी. नाहीतर त्या विडीवाल्याची."

"देवाची नाही?"

"त्याने एक फांदी दिली असेल," ताई म्हणाली. "एकीपुढे एक लावून चादरी विका, असं थोडंच सांगितलं त्याने? त्याला काय ठाऊक कापडाचा पन्हा केवढा असतो ते."

धाकटी वाट बघत राहिली. इतकं ऐकल्यावर आत काहीतरी व्हायला हवं होतं. भिंत पडायला हवी होती, किंवा दिवा लागायला. वॉर्डात कुणीतरी रेडिओ लावला आणि नर्सने बंद करायला लावला. धाकटीच्या आत तोच सुन्न गाल होता. तिने बोलून टाकलं, कारण बोलल्यानेही काही होणार नव्हतं. "मला येत नाही ताई. तोंडात बोल येतात, बाकी काही येत नाही. त्या दिवसानंतर कधी आलंच नाही."

ताई दचकेल असं तिला वाटलं होतं. ताईने नळी नाकात नीट बसवली. "एवढी वर्षं?"

"हो."

"आणि तरी म्हणत राहिलीस?"

"सवय लागली."

"बरं," ताई म्हणाली. मग पडद्याकडे बोट करून, "मिटव ना ती."

"आता? कारखाना बंद पडून किती वर्षं झाली. हा कुणी कुठून छापलाय कोण जाणे."

"पडदा नाही गं. कागदावर मिटव. मला बघायचंय, कशी मिटते ते. मी तर नुसता पन्हा सरकवला होता."

"माझा हात राहिला नाही."

"बोल मी म्हणते. तू काढ." आणि ताईने डोळे मिटले आणि वडिलांचे बोल म्हटले. जीभ जड झाली होती. हात दिलास, म्हणाली, आणि पुढचं विसरली, आणि परत हात दिलास म्हणाली, आणि तिसऱ्यांदा तिथेच थांबली. झोपली होती.

धाकटीने नर्सकडून पेन्सिल मागून घेतली. खाटेखाली ताईच्या पोटाच्या फोटोचं मोठं पाकीट होतं, ते उलटं करून गुडघ्यावर घेतलं. चौकोन आखला. फांदी आठवून काढली, कोपऱ्यातून वर, मग मागे. शेजारी तोच चौकोन, खाली तोच. छोटे छोटे. गल्ली कुठून सुरू होते ते लगेच दिसलं. मागे वळलेल्या फांदीच्या पाठीमागे रिकामी जागा राहिली होती, अगदी क्षुल्लक. वळण इतकं सुंदर होतं की पाठीमागे कुणी बघितलंच नव्हतं. तिने तिथे एक पान घातलं. पान मोठं झालं, आता तिथे गाठ दिसायला लागली. खोडरबर नव्हतं. बोट ओलं करून तिने ते पुसलं, कागद काळवंडला. एक कळी घातली. कळ्यांची रांग झाली, गल्लीत खांब रोवल्यासारखी. तीही पुसली. कुणीतरी चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली. मग तिने फांदीच्या कोपरातून एक बारीक डहाळी काढली, पानं नसलेली, थोडी वाकडी, गल्लीच्या आडवी जाणारी. ती शेजारच्या चौकोनात शिरली आणि तिथल्या पानाखाली संपली. ठीक होती. तिने ती सगळ्या चौकोनांत काढली, प्रत्येकात पहिलीपेक्षा जरा सैल. मनगट दुखत होतं. आत कुणी उभं राहिलं नाही, कुणी जवळ बसलं नाही. काढता काढता मधेच तिच्या लक्षात आलं की कुणी येतंय का, हे आज तिने बघितलंच नव्हतं. तिने पेन्सिल थांबवली नाही.

उन्हं कलली तेव्हा ताई जागी झाली. भावोजी आला होता आणि पायाशी बसून तिचे तळवे चोळत होता. धाकटीने पाकीट ताईच्या डोळ्यांसमोर धरलं. मग मागे सरकून धरलं, मग आणखी मागे. ताईने हाताने खूण केली, जवळ आण. तिने एक बोट उचललं आणि कागदावर फिरवत नेलं, आणि ते बरोबर त्या बिनपानाच्या डहाळीवर टेकलं.

"ही कुणाची?"

"माझी," धाकटी म्हणाली.

"वाकडी आहे."

"हो."

"राहू दे," ताई म्हणाली. "बरी आहे." भावोजीने वाकून कागद बघितला आणि म्हणाला, मला सगळे चौकोन सारखेच दिसतायत, आणि ताई म्हणाली, "म्हणूनच तर मी तुम्हाला कधी कापड आणायला पाठवलं नाही."

ताई त्याच आठवड्यात गेली, गुरुवारी सकाळी, नर्सने अंग पुसल्यावर. भावोजी तेव्हा खाली चहा प्यायला गेला होता.